आरशांचं सुतक

“मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे दुसरंतिसरं काही नसून, माणसानं स्वतःकडे बघायला शिकण्याचा इतिहास होय!”

हे वाक्य त्यानं न्हाणीघरात उभं राहून, उजवा हात खांद्याच्या जरा वर नेऊन, एका बदकांच्या चादरीला ऐकवलं. बदकं पिवळी होती, ओळीनं चालली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर निळी टोपी होती. वाक्याचा त्यांच्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही. त्यानं घसा खाकरून पुन्हा एकदा म्हटलं, या वेळी ‘स्वतःकडे’वर जोर देऊन. बदकं चालतच राहिली. चादर नातवाची होती. घरात मृत्यू झाला की यहुदी लोक शोकाचे सात दिवस घरातले आरसे झाकून ठेवतात. आणि हा तर आरशांचा कारखानदार, त्यामुळे घरात भिंतीपेक्षा आरसे जास्त. दिवाणखान्यातला झाकला, जिन्यातला झाकला, कपाटांची दारं झाकली, आणि न्हाणीघराची पाळी येईपर्यंत घरातल्या पांढऱ्या चादरी संपल्या. म्हणून बदकं.

“अहो,” बायको दाराबाहेरून म्हणाली, “कोणाशी बोलताय?”

“भाषण पाठ करतोय.”

“मग ती चादर काढू का? सात दिवस संपले आज सकाळी. रब्बी म्हणालेत की काढायचं आता सगळं.”

“राहू दे.”

“बाकी सगळे काढले मी. तेवढा एकच राहिलाय. पोरगं झोपताना बदकं मागतं माझ्याकडे.”

“राहू दे म्हटलं ना!”

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचं न बोलणंही दारातून ऐकू येतं. मग चपलांचा आवाज दूर गेला. त्यानं हात खाली घेतला. आतापर्यंतचं प्रत्येक भाषण त्यानं याच आरशासमोर पाठ केलं होतं. चित्रसंग्रहालयाचं नवं दालन, नृत्यशाळेची लाकडी जमीन, वाद्यवृंदाला दिलेला मोठा पियानो, गरीब शिल्पकारांसाठी बांधलेली आणि पुढे श्रीमंत शिल्पकारांनी बळकावलेली कार्यशाळा; दर वेळी समोरचा माणूसही हात उचलायचा, योग्य जागी थांबायचा, आणि शेवटी मान तुकवून पसंती द्यायचा. आज हात वर गेला तेव्हा पलीकडे कोणीच हात उचलला नाही. एवढीशी गोष्ट. पण त्याला, जिन्याची एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली, की पलीकडे कोणी नाही हे बरंच आहे. कारण चादर काढली असती तर तिथे कोण असतं, हे त्याला ठाऊक होतं.

थोरला भाऊ असता, ज्याचं हे सुतक. दोघांत दोन वर्षांचं अंतर. पण चेहरा असा एक, की आईसुद्धा अंधुक उजेडात हाक मारताना दोन्ही नावं घ्यायची आणि जो ‘ओ’ देईल तो आपला मानायची. पुढे धाकट्यानं रोज गुळगुळीत दाढी करायला सुरुवात केली आणि थोरल्यानं वाढवली, एवढ्यावर जग दोघांना ओळखू लागलं. धाकटा विकायचा, भाषणं करायचा, मंत्र्यांच्या आणि नटांच्या शेजारी उभा राहायचा; थोरला कारखान्यात असायचा. लग्न नाही, म्हणून सात दिवसांचा शोकही धाकट्याच्या घरी. भाऊ गेल्यावर महिनाभर दाढी करायची नाही असा त्यांच्यातला दंडक. आता हनुवटीवर हात फिरवला की बोटांना जे लागत होतं ते त्याचं नव्हतं. पांढरं, खरखरीत, डाव्या गालावर जरा विरळ. थोरल्याची दाढी डाव्या गालावर विरळच होती. माणूस गेला आणि जाताना दाढी याच्याकडे ठेवून गेला, पुन्हा येतो तोवर सांभाळ म्हणून, असं काहीतरी त्याला वाटत राहिलं आणि त्यानं हात खिशात घातला.

संध्याकाळी बायकोला घेऊन खाली उतरायला लिफ्टपाशी आला, तर लिफ्टचं पोलादी दार. त्यात एक पांढऱ्या दाढीचा धुरकट माणूस समोरून येत होता. “आपण जिन्यानं जाऊ,” तो म्हणाला. “गुडघ्याचं काय?” बायको म्हणाली. “गुडघा जिन्यासाठीच असतो.” गाडीत बसल्यावर त्यानं डोळे मिटले. दुकानांच्या काचा, केशकर्तनालयं, वळणावळणावरचे फुगीर आरसे, हॉटेलांची दारं, सगळ्या शहरभर त्याच्याच कारखान्याचा माल. ज्यानं गावभर विहिरी खणल्या त्यालाच पाण्याचं भय वाटावं, तशी गत. ड्रायव्हरनं मागचं पाहण्यासाठी वरचा छोटा आरसा जरा तिरका केला तेव्हा त्यानं डोळे मिटलेलेच ठेवून म्हटलं, “तो तसाच असू दे.” ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, मग मागून ठोकेल कोणीतरी.” “ठोकू दे,” तो म्हणाला. बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ड्रायव्हरला खुणेनं आरसा नीट करायला सांगितलं. हे त्याला मिटल्या डोळ्यांनी दिसलं.

त्याला बघायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते आता कधीही दिसणार नव्हतं. थोरला गेला तेव्हा हा दुसऱ्या शहरात, वाद्यवृंदासाठी देणग्या जमवायच्या मेजवानीत होता. थोरल्याला दुपारी कारखान्यातच, खुर्चीत बसल्याबसल्या मृत्यूनं गाठलं. विमानतळावर धुकं. त्यांच्यात मृतदेह ताटकळत ठेवत नाहीत. धुऊन, साध्या पांढऱ्या कापडात गुंडाळून, साध्या लाकडाच्या पेटीत घालून लगोलग मातीत. हा पोचला तेव्हा पेटी बंद झाली होती आणि सगळे याच्यासाठी म्हणून जेमतेम थांबले होते. “एकदा उघडा,” तो रब्बींना म्हणाला. हे धर्मगुरू म्हातारे, ठेंगणे, कोणत्याही प्रसंगी पुढची बस चुकेल अशा बेतानं बोलणारे. “नाही उघडत आपण,” ते म्हणाले. “फक्त चेहरा.” “चेहराच तर नाही. तो तुम्हाला बघू शकत नाही. मग तुम्ही एकट्यानंच त्याला बघणं बरं दिसतं का? दाराच्या फटीतून बघितल्यासारखं आहे ते. चला, फावडं घ्या.” त्यानं फावडं घेतलं. त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे ते पहिल्यांदा उलटं धरायचं, म्हणजे हे काम आपण खुशीनं करत नाही हे मातीला कळतं. उलट्या फावड्यावर माती फार थोडी राहते. पेटीवर जेमतेम मूठभर पडली आणि तो आवाज त्याला अजून, कोणी दार ठोठावलं की, ऐकू यायचा. सात दिवस रिवाजाप्रमाणे बुटक्या स्टुलावर बसून त्यानं आल्यागेल्याकडून थोरल्याबद्दल ऐकलं. माणूस सरळ होता, म्हणाले. कमी बोलायचा, म्हणाले. शेवटी कसा दिसत होता, हे कोणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. फक्त झाकलेल्या आरशांकडे पाठ करून बसायचा. आणि पाठ केली की पाठीला सारखं वाटायचं की मागे कोणीतरी चादरीच्या आतून, घुसमटत, तोंडाशी आलेलं कापड बाजूला करायचा प्रयत्न करतंय.

लहानपणीही असंच एकदा झालं होतं. आजोबा गेले तेव्हा. घर वर, कारखाना खाली. मग प्रश्न पडला, की खालचा माल हा घरातला आरसा धरायचा की बाजारातला? तेव्हाचे रब्बी रात्रभर विचार करून म्हणाले, झाकून टाका, वाद नको. गल्लीतलं सगळं कापड आणलं, तरी पुरेना. शेवटी कागद, पोती, बायकांचे झगे. खालची वखार अशी दिसू लागली जणू एखादी मोठी, उभ्यानं झोपलेली मिरवणूक. आत्या म्हणाली होती, की गेलेला माणूस सात दिवस घरात फिरतो, आणि चुकून आरशात डोकावला तर तिथेच अडकतो. दोघं भाऊ दुपारी वखारीत शिरले. धाकट्याचं बोट थोरल्याच्या शर्टाला घट्ट. थोरल्यानं एका पोत्याचं टोक उचललं, मुंडकं आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. “कोण आहे? दादा, कोण आहे रे?” पोत्याच्या आतून थोरल्याचा कंटाळलेला आवाज आला, “कोणी नाही रे धाकट्या. मीच आहे.” यात घाबरण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण धाकटा ओरडत वर पळाला. थोरल्याला मार बसला. मार खाताना तो म्हणत होता, “अहो, पण खरंच मीच होतो!”

आज जिचं उद्घाटन होतं ती नवी वास्तू नदीकाठी होती. नाटक, संगीत आणि नृत्य यांच्यासाठी एकाच छपराखाली तीन सभागृहं. आणि तिन्हींना मिळून एक भलंथोरलं दालन, ज्याची एक अख्खी भिंत त्याच्या कारखान्याच्या आरशांची. ती भिंत ही त्याची स्वतःची कल्पना. लोक नाटकाला येतात ते एकमेकांना बघायला, मग निदान नीट तरी दिसू देत, असं तो समितीत म्हणाला होता आणि समिती त्याच्याच पैशावर बसलेली असल्यामुळे मनापासून हसली होती. माणसापेक्षा उंच काचा, एकीला एक लावलेल्या, मधल्या रेषेत नखसुद्धा शिरू नये अशा. त्यांची पारख थोरल्यानं केली. पारख करायची घरची रीत अशी: काच उभी करायची, समोरच्या भिंतीचा कोपरा तिच्यात पकडायचा, आणि आपण तिच्यापुढून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू चालायचं. कोपऱ्याची रेघ जराही थरथरली तर काच बाद. मग जवळ जायचं, हनुवटी वर करायची, दात दाखवायचे, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं. आपला चेहरा कुठे फुगला, कुठे पिचकला तर काच बाद. त्या भिंतीच्या एकेका काचेपुढे थोरला असा चालला होता, दात दाखवून उभा राहिला होता. शेवटची काच पास केली, तिच्यावर कागद चिकटवून घेतला, खुर्चीत बसला, आणि संपला. म्हणजे त्या सबंध भिंतीनं आजवर नीट असा एकच माणूस पाहिला होता. हा विचार त्याला सातव्या दिवशी पहाटे सुचला, आणि तेव्हापासून तो विचार, नको असलेल्या पाहुण्यासारखा, जातो जातो म्हणत उंबऱ्यातच उभा होता.

“उद्घाटनाला तुम्ही जाल का?” असं त्यानं रब्बींना विचारलं होतं; म्हणजे विचारायचं होतं ‘मी जावं का’, पण त्यांना नकार देणं सोपं जावं म्हणून आधी त्यांचंच विचारलं. “मला कोण बोलावतंय!” रब्बी म्हणाले. “तुमचं म्हणाल, तर महिनाभर गाणंबजावणं, मेजवानी, करमणूक नाही. पण उद्घाटन ही काही तुमची करमणूक नव्हे. तुमचं भाषण ऐकलंय मी, ती कोणाचीच नव्हे. तेव्हा जा, चार शब्द बोला, दोरी कापा. पण वाद्यं सुरू झाली की उठून बाहेर यायचं.” “आणि बाहेरही ऐकू आलं तर?” “कानावर पडलं तर पडू द्या. कान देऊ नका.” तेव्हा त्याला हे एकदम सोपं वाटलं होतं. बाहेर म्हणजे कुठे, हे नंतर लक्षात आलं. बाहेर म्हणजे ते दालन. सगळे आत संगीत ऐकणार, आणि ज्यानं ते सभागृह बांधलं तो एकटा त्या भिंतीसमोर बसणार.

गाडी थांबली. पायऱ्यांवर दिवे, गालिचा, छायाचित्रकार. त्याच्या कोटाच्या कडेला फाडलेली चीर होती, शोकाची; एका छायाचित्रकारानं प्रेमानं “साहेब, कोट अडकला वाटतं कुठे” म्हणून ती हातानं झाकायला सांगितली. त्यानं नजर बुटांच्या टोकांवर ठेवली आणि बायकोच्या दंडाला धरून, डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसासारखा आत शिरला. आपल्या बुटांपुढे संगमरवर, मग संगमरवरात गोल दिवे, मग कडेला काळं काहीतरी. त्यानं डोळे वर केले. भिंत नव्हती. म्हणजे भिंत होती, पण छतापासून जमिनीपर्यंत काळं कापड. दाट, जड, रंगमंचाच्या मागे लावतात तसलं, चुण्या घालून सोडलेलं. आणि त्यापुढे दागिन्यांतली, सुगंधातली माणसं हातात पेले घेऊन अर्धवर्तुळात उभी, आवाज खाली आणलेले, जणू कापडापलीकडे कोणी झोपलंय.

“मी झाकून घेतले,” व्यवस्थापक कानाशी म्हणाला. हा एक उंच, सदा चिंतातुर तरुण माणूस, ज्याला माफी मागायला नेहमी काहीतरी सापडायचं. “शोकाच्या तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी आलो होतो ना, फुलं घेऊन. फुलं न्यायची नसतात हे मग कळलं. सॉरी. तेव्हा चादरी पाहिल्या. बाईसाहेबांनी सांगितलं, शोक असला की आरसे झाकतात. मग म्हटलं, तुम्ही इथे येणार, आणि इथे एवढे... शिंपी दोन दिवस बसवला. एकत्रच शिवलंय सगळं, म्हणजे फट नको राहायला. चाललं ना?” शोकाच्या घरातले आरसे झाकायचे असतात, गावातले नव्हेत, आणि तेही सात दिवस, आज सकाळीच ते संपले, हे सगळं सांगायला बायकोनं तोंड उघडलं. त्यानं तिचा दंड दाबला. “उत्तम केलंत,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. व्यवस्थापकानं लगेच माफी मागितली.

माणूस बुडता बुडता तळाला पाय लागावा तसं त्याला झालं होतं. दोरी कापली. भाषण केलं. “मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे माणसानं स्वतःकडे बघायला शिकण्याचा इतिहास होय,” तो काळ्या कापडापुढे उभा राहून म्हणाला, आणि सभेतून एक कळवळल्यासारखा हुंकार आला. एवढा परिणाम त्याच्या वाक्याचा आजवर झाला नव्हता. टाळ्या वाजल्या नाहीत. त्याहून मोठं काहीतरी झालं, लोक गप्प राहिले. मग समीक्षक पुढे आला. वर्तमानपत्रात लिहिणारा, गळ्यात मफलर, आजवर या घराण्याच्या एकाही देणगीबद्दल धड बोलला नव्हता. त्यानं दोन्ही हात धरले. “आरसेवाले, हरलो मी. आरशांच्या कारखानदारानं आरसाच नाकारायचा! आपण इथे आपला चेहरा बघायला येतो, आणि तुम्ही आम्हाला काय दाखवता? अनुपस्थिती! कोणाची कलाकृती ही?” “शिंप्याची,” तो म्हणाला. समीक्षकानं डोळे मिटले. “शिंप्याची! वा. नाव नको. बरोबर आहे.”

तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या. विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष; मोठ्या मायाळू, कोणालाही ‘बाळा’ म्हणायच्या आणि त्याच दमात इमारत मागायच्या. “बाळा, हे काढायचं नाही आता. कायम राहायचं. संस्थेच्या संग्रहातली पहिली कलाकृती! मध्यंतरात मी जाहीर करते. तुमच्या भावाचं नाव देऊ खाली, छोटीशी पाटी. फक्त तुम्ही ‘हो’ म्हणा.”

“अहो, पण मागे आरसे आहेत,” बायको म्हणाली.

“असू देत की!” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आहेत हे माहीत असणं पुरेसं आहे. किंबहुना तेच तर.”

“मध्यंतरात सांगतो,” तो म्हणाला. म्हणाला खरा, पण ‘हो’ ओठांवर आलंच होतं, ते त्यानं शिष्टाचार म्हणून आत ओढलं. कायमचं झाकलेलं. थोरल्याचं नाव. त्यात चूक काय होती? घंटा झाली. गर्दी आत ओसरली. बायको थांबू का म्हणाली, तर तो म्हणाला, “तू जा. दोघांच्याही खुर्च्या रिकाम्या नकोत. आणि कसं वाजवतात ते नंतर सांगू नकोस.” व्यवस्थापक शेजारी बसू लागला तेव्हा त्यालाही आत पाठवलं. दारं मिटली. त्या दारांच्या कडांना त्यानंच खास लोकरीचा जाड नमदा लावायला लावला होता, बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून. आतला बाहेर यायला मात्र त्यांची हरकत दिसत नव्हती. वाद्यं सुरात येत होती. मग तो श्वास, सगळ्या वादकांचा मिळून एक, सुरुवातीच्या आधीचा. आणि सुरू झालं. त्यानं कान दिले नाहीत. कान त्याच्याकडे मागायला कोणी आलंच नव्हतं. ते आपले आपण गेले.

त्याला कळेना की या कलांना आपण आयुष्यभर पैसे का देत आलो. लहानपणी बाबांबरोबर ते दोघं एका नाटकगृहात आरसा पोचवायला गेले होते, रंगपटाच्या खोलीत. तिथे एक नट बनियनवर बसला होता, चेहऱ्याला अर्धाच रंग. नवा आरसा लावल्याबरोबर तो त्यात बघू लागला, आणि बघता बघता त्याच्या चेहऱ्यातून दुसरंच कोणी वर आलं, कोणी रुबाबदार, फार दुःखी. खांदे बदलले, मान बदलली. धाकट्याला रडू फुटलं. घरी जाताना तो सांगत सुटला, “दादा, तू पाहिलंस? तो दुसरा झाला! आपल्या आरशात!” थोरला म्हणाला, “आरसा वाकडा टांगलाय बाबांनी. उजवीकडे उतरलाय.” इथून दोघांच्या आयुष्यांच्या वाटा फुटल्या. एक बघत राहिला की आरशात काय येतं. दुसरा, की आरसा सरळ आहे का. थोरला त्याच्या एकाही उद्घाटनाला आला नाही. “तुझी ती माणसं,” एकदा म्हणाला होता, “माझ्या आरशात बघत नाहीत रे धाकट्या, स्वतःकडे बघतात.” “मग आणखी काय बघायचं असतं आरशात?” “काच,” थोरला म्हणाला होता, आणि दोघंही, कधी नव्हे ते, पोट धरून हसले होते.

संगीत मंद झालं. वरच्या झरोक्यातून वारा आला असावा. काळं कापड मधोमध हललं. आतून कोणी श्वास घ्यावा तसं फुगलं आणि पुन्हा चपटं झालं. तो उठला. कापडाच्या एका कडेशी गेला, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत, हळूहळू, दुसऱ्या कडेकडे चालू लागला. पलीकडेही कोणीतरी बरोबरीनं चालत होतं. पावलं त्याचीच वाजत होती, पण संगमरवर प्रत्येक पाऊल दोनदा म्हणत होता. तो थांबला, तेही थांबलं. त्याला ती पेटी आठवली, तिचं साधं, रंग न दिलेलं लाकूड, आणि रब्बींचं ते, की तो तुम्हाला बघू शकत नाही. मध्यंतरात ‘हो’ म्हटलं की ही दुसरी पेटी. ही मात्र कोणी बंद केलेली नव्हती, ही त्यानंच करायची होती, आणि वर टाळ्या. थोरल्यानं एवढी निगुतीनं सरळ केलेली भिंत, हनुवटी वर करून, दात दाखवून. आणि तिच्यात पुन्हा कधीच कोणी बघायचं नाही, कारण एका म्हाताऱ्याला आपली वाढलेली दाढी बघवत नाही. शहाण्या लोकांच्या मते ही कला होती. असेल. थोरल्यानं ही काच बाद केली असती.

कापडाची चुणी त्यानं मुठीत धरली. बाजूला सारायला गेला तर सरेना. शिंप्यानं खरोखरच फट ठेवली नव्हती. मग दोन्ही हातांनी ओढलं. वर काहीतरी कडकन तुटलं, आणि एकाला एक शिवलेलं ते सगळंच्या सगळं, दांडीसकट, इकडून तिकडे असं कोसळत गेलं, की आतल्या बासऱ्यांनी क्षणभर दम घेतल्यासारखं वाटलं. धूळ उडाली. गुडघ्यापर्यंत काळं कापड. त्यानं डोळे मिटले होते. असा किती वेळ उभा होता कोण जाणे. मग आतून पुन्हा व्हायोलिनं उठली, आणि त्यानं डोळे उघडले.

तोच होता. दाढी, डाव्या गालावर विरळ. पापणी उतरलेली, कानाची पाळी लांब, ओठ जरासा उघडा. थकलेला. मेलेला नव्हे, नुसता थकलेला, दिवसभर उभा राहून काम केलेल्या माणसासारखा, काळ्या मातीत गुडघ्यापर्यंत रोवलेला. आणि तो बघत होता. हा बघत होता आणि तोही बघत होता, कोणी दाराच्या फटीतून बघत नव्हतं. हा जवळ गेला. तो जवळ आला. कुठे फुगला नाही, पिचकला नाही. मागची खांबांची रांग, जिना, दिवे, सगळ्या रेघा सरळ. त्याला वाटलं होतं भीती वाटेल, आणि ती होतीच, अंगावरून गार फिरत होती. पण तिच्या आत आणखी काही होतं, जे सात दिवस स्टुलावर बसून बोलायचं राहिलं होतं, आणि ते इतकं साधं होतं की भाषणात घालता आलं नसतं. ओठ दोघांचेही हलले.

“मला उशीर झाला,” तो म्हणाला.

“मलाही झालाय हो!” मागून कोणीतरी म्हणालं.

आरशात, थोरल्याच्या खांद्यापलीकडून, एक धापा टाकणाऱ्या बाई जिना चढून येताना दिसल्या. एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात कंगवा, तोंडात दोन पिना, आणि वाऱ्यानं केसांचं पार घरटं झालेलं. पडलेल्या काळ्या कापडाच्या ढिगावरून त्या, चिखलातून यावं तशा, साडी सावरत जवळ आल्या. त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या ओल्या डोळ्यांकडे, फाटक्या कोटाकडे पाहिलं, पिना हातात घेतल्या आणि आवाज हलका करून म्हणाल्या,

“तुमचं झालं असेल तर जरा असे बाजूला सरकता का? भांग तेवढा नीट पाडते.”